मोटर फिरली म्हणजे संरक्षण जोडले गेले असे नाही: कारखाना-व्यवस्थापकांना आणि प्रकल्पप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
कारखान्यांचे व्यवस्थापक, प्रकल्पप्रमुख आणि पॅनेल तपासून ताब्यात घेणारे सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी अनेक वर्षे कंट्रोल पॅनेलची वायरिंग केली आहे आणि आता माझा बहुतेक वेळ इतरांनी केलेली वायरिंग तपासून पॅनेल चालू करून देण्यात जातो. जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात मला एकच गोष्ट पाहायला मिळते. यंत्र उशिरा आलेले असते, केबल उशिरा ओढलेल्या असतात, उत्पादन सुरू करण्याची तारीख मात्र जागची हललेली नसते. मग हा सगळा उशीर भरून काढण्यासाठी ज्या कामाचे दिवस कापले जातात, ते काम म्हणजे एकेक तार टोकापासून टोकापर्यंत तपासणे आणि संरक्षणाची (बिघाडाच्या वेळी पुरवठा तोडणारी) साधने प्रत्यक्ष चालवून पाहणे. मोटर एकदा फिरली, तिची दिशा बरोबर निघाली आणि दारावरचे दिवे लागले, की "झाले काम" म्हणून पत्रकावर सह्या होतात. माझा आक्षेप त्या सहीला आहे आणि त्याची कारणे आपल्यापुढे सविस्तर मांडावीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पॅनेलमधल्या सगळ्या तारा सारख्या नसतात. पॉवरची तार चुकली तर मोटर उलटी फिरते किंवा फ्यूज उडतो. कंट्रोलची तार चुकली तर बहुधा मोटर चालूच होत नाही. या चुका स्वतःहून समोर येतात आणि चालू करण्याच्या गडबडीतच सुधारल्या जातात. संरक्षणाची तार चुकली तर मात्र काहीच होत नाही. यंत्र चालते, माल निघतो, मीटर बरोबर आकडे दाखवतो, आणि ज्या क्षणासाठी ती तार घातलेली असते तो क्षण येईपर्यंत बरोबर जोडलेली तार आणि चुकीची जोडलेली तार यांत बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. त्यामुळे "इतके दिवस चालते आहे ना" हा युक्तिवाद पॉवरच्या वायरिंगपुरता ठीक आहे. संरक्षणाच्या वायरिंगबद्दल त्याने काहीही सिद्ध होत नाही.

एका पंपाच्या फीडरचा, म्हणजे त्याच्या मोटरला पुरवठा देणाऱ्या पॅनेलमधल्या कप्प्याचा, अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. थर्मल ओव्हरलोड रिले म्हणजे मोटरने जास्त करंट घेतला की सुटणारे, म्हणजे ट्रिप होणारे साधन. त्याला दोन सहायक कॉन्टॅक्ट असतात. ९५-९६ हा एरवी बंद असणारा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) कॉईलच्या वाटेत घालायचा असतो आणि ९७-९८ हा एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट ट्रिपच्या दिव्यासाठी वापरायचा असतो. त्या फीडरमध्ये येणारी तार आणि कॉईलकडे जाणारी तार अशा दोन्ही तारा ९५ च्याच स्क्रूखाली बसल्या होत्या आणि ९६ चा स्क्रू मोकळा होता. म्हणजे रिलेचा कॉन्टॅक्ट वाटेतच नव्हता. तरीही मोटर स्टार्टच्या बटणाने चालू होत होती, स्टॉपच्या बटणाने बंद होत होती, आणि ९७-९८ ची जोडणी व्यवस्थित असल्यामुळे ट्रिपचा दिवाही लागत होता. काही महिन्यांनी पंपाचे बेअरिंग धरू लागले, मोटरचा करंट वाढला, रिले अगदी वेळेवर ट्रिप झाला, त्याने दिवा लावला, आणि तो लाल दिवा जळत असताना मोटर वाइंडिंग जळेपर्यंत फिरत राहिली. वरच्या ब्रेकरला यात दोष देता येत नाही, कारण तो शॉर्ट-सर्किटसाठी असतो आणि मोटर सुरू होतानाचा सहा-सात पट करंट सोसण्याइतका त्याला ढिला ठेवावाच लागतो.

पहिला संशय रिलेच्या सेटिंगवर घेतला गेला, मग रिलेच्या दर्जावर. मी फीडरचे दार उघडले तेव्हा ९६ चा स्क्रू कारखान्यातून आला तसा पूर्ण वर होता. त्याला कधी पेचकस लागलेलाच नव्हता. चाचणीच्या पत्रकात "ओव्हरलोड ट्रिप तपासली" या ओळीसमोर बरोबरची खूण होती आणि तळाशी सही माझी होती.

ती खूण मी निव्वळ खोटी केली होती असेही नाही. मी रिलेवरचे टेस्टचे बटण दाबले होते आणि दिवा लागलेला पाहिला होता. फक्त त्या वेळी कॉन्टॅक्टर आत ओढलेला (चालू) नव्हता, कारण पंपाचे कपलिंग सोडलेले नव्हते, मोटर फिरवायला परवानगी नव्हती आणि पुढच्या दहा फीडरची यादी माझ्या हातात होती. पॉवर बंद ठेवून केवळ कंट्रोलचा पुरवठा चालू करून कॉन्टॅक्टर ओढता आला असता, मग टेस्टचे बटण दाबून तो सुटतो का हे पाहता आले असते. दोन मिनिटांचे काम होते. ते मी केले नाही. तेव्हापासून चाचणीची माझी व्याख्या बदलली. दिवा लागणे, रिलेच्या पडद्यावर "ट्रिप" असे अक्षर उमटणे, संगणकावर अलार्म येणे ही चाचणी नव्हे. जे साधन शेवटी पुरवठा तोडणार आहे, ते डोळ्यांदेखत उघडले पाहिजे.

याच रिलेबद्दल जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ओव्हरलोड रिलेचे वर्ग ठरलेले आहेत. सेटिंगच्या ७.२ पट करंटला दहाच्या वर्गाचा रिले ४ ते १० सेकंदांत सुटायला हवा आणि तीसच्या वर्गाचा ९ ते ३० सेकंदांत. मोटर सुरू होताना वारंवार ट्रिप होते म्हणून दहाचा रिले काढून तीसचा बसवला जातो, किंवा सेटिंगचे बटण मोटरच्या पाटीवरील आकड्याच्या पुढे सरकवले जाते, तेव्हा त्या मोटरला आणि तिच्या केबलला तितका वेळ तो करंट सोसतो का, हे विचारणारा कोणीतरी तिथे असायला हवा. बहुतेक वेळा तिथे पाळी संपत आलेला एकटा तंत्रज्ञ असतो.

आता करंट ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. आम्ही त्याला सीटी म्हणतो. सीटीच्या प्राथमिक बाजूने किती करंट वाहायचा हे लोड ठरवते, सीटी ठरवत नाही. दुय्यम बाजूचे वर्तुळ पूर्ण असते तोवर तिथला १ किंवा ५ अँपिअरचा करंट प्राथमिक करंटच्या चुंबकत्वाला विरोध करत राहतो आणि गाभ्यात थोडेच चुंबकत्व उरते. चालू लोडवर दुय्यम तार सुटली की हा विरोध संपतो, सगळा प्राथमिक करंट गाभ्याला चुंबकित करू लागतो, गाभा संपृक्त होतो आणि उघड्या टोकांवर हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकणारे टोकदार व्होल्टेज उभे राहते. त्याने माणूस दगावू शकतो, इन्सुलेशन फुटते, टर्मिनल जळते. म्हणून सीटीच्या वाटेत कधीही फ्यूज घालत नाहीत आणि त्याच्या तारा शॉर्टिंगची सोय असलेल्या खास टर्मिनलवरच आणतात. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे पीटीचे, नेमके उलटे आहे. त्याची दुय्यम बाजू उघडी राहिली तर बिघडत नाही, शॉर्ट झाली तर बिघडते, म्हणून तिथे फ्यूज हवाच. दोन शेजारच्या टर्मिनलपट्ट्यांवर एकमेकांच्या विरुद्ध नियम लागू असतात आणि दोन्हींवर सारख्याच दिसणाऱ्या तारा असतात. फेरूलवरचे, म्हणजे तारेच्या टोकाच्या नळीवरचे, क्रमांक नीट असणे ही केवळ टापटिपीची बाब का नाही, हे यावरून लक्षात यावे.

लोड चालू असताना रिले किंवा अँमीटर काढायचा असेल तर आधी टर्मिनलवरची शॉर्टिंग लिंक सरकवून तिचे स्क्रू आवळायचे, मग रिलेकडे जाणाऱ्या तारेला बारीक करंट मोजणारा क्लॅम्प लावून तिथला करंट शून्याजवळ आला आणि लिंकमधून तो वाहू लागला हे आकड्यात पाहायचे, आणि त्यानंतरच तार सोडायची. हा क्रम बहुतेक जाणत्या वायरमनला पाठ असतो, कारण उघडा सीटी स्वतः ओरडून सांगतो. तो गुणगुणतो, तापतो, ठिणगी पडते. परतीचा क्रम मात्र विसरला जातो. काम संपले, रिले परत बसवला, तारा जोडल्या, आणि शॉर्टिंग लिंक तशीच राहिली, तर कोणालाच काही कळत नाही. सीटी शांत असतो, रिलेच्या पडद्यावर निरोगी असल्याचा हिरवा दिवा असतो, आणि त्याच्यापर्यंत करंटच पोहोचत नसतो. मला विचाराल तर उघड्या सीटीपेक्षा मी शॉर्ट राहिलेल्या सीटीला जास्त घाबरतो. त्यावर उपाय एकच आहे. लोड घेतल्यावर रिलेच्या पडद्यावरचे तिन्ही फेजचे करंट आणि क्लॅम्पने मोजलेले करंट एकमेकांशी ताडून कागदावर लिहिणे. त्यासाठी लोड लागतो, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यानंतरही आमच्या माणसाला तिथे एक दिवस थांबू द्यावे लागते. तोवर आमचे गेटपास संपलेले असतात.

सीटीच्या बाबतीत आणखी एक चूक मी दोनदा पाहिली आहे. एकाच सीटीत मीटरसाठी एक गाभा आणि संरक्षणासाठी दुसरा गाभा असतो. मीटरचा गाभा मुद्दाम असा केलेला असतो की फॉल्टच्या वेळी तो लवकर संपृक्त व्हावा आणि मीटर वाचावा. संरक्षणाचा गाभा असा असतो की फॉल्टचा मोठा करंटही त्याने इमानाने रिलेपर्यंत पोहोचवावा. ५पी२० असे त्यावर लिहिलेले असेल तर नेमलेल्या बर्डनवर (सीटीला जोडलेल्या भारावर) वीस पट करंटलाही त्याची एकत्रित चूक पाच टक्क्यांच्या आत राहते, असा त्याचा अर्थ. या दोन गाभ्यांच्या तारांची अदलाबदल झाली तर रोजच्या लोडवर मीटरही ठीक चालतो आणि रिलेही ठीक आकडे दाखवतो. फॉल्ट आला की रिलेला जेवढे दिसायला हवे तेवढे दिसत नाही. टर्मिनलपट्टीजवळ उभे राहून करंट मोजून ही चूक सापडत नाही. त्यासाठी सीटीच्या पेटीपर्यंत जाऊन तारा पाहाव्या लागतात आणि प्रत्येक गाभ्याची चुंबकन-चाचणी करावी लागते.

जमिनीकडे गळणारा करंट पकडण्यासाठी केबलभोवती जी कडी बसवतात, तिचीही गत अशीच आहे. तिन्ही फेज कडीतून गेले की निरोगी अवस्थेत त्यांची बेरीज शून्य येते आणि गळती झाली की शून्य येत नाही, एवढेच तिचे गणित आहे. पण केबल आर्मरसकट (बाहेरच्या धातूच्या कवचासकट) कडीतून गेली असेल आणि ग्लँडची (केबल पॅनेलला पकडून ठेवणाऱ्या तुकड्याची) अर्थ-तार, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार, सरळ अर्थपट्टीला नेली असेल, तर फॉल्टचा करंट फेजमधून कडीतून बाहेर जातो आणि आर्मरमधून त्याच कडीतून परत येतो, दोन्ही एकमेकांना खोडून काढतात, आणि कडीला सगळे आलबेल दिसते. ग्लँड कडीच्या वरच्या अंगाला आणि पॅनेलच्या पत्र्यापासून अलग ठेवून तिची अर्थ-तार कडीतून उलट दिशेने परत खाली नेऊन मगच अर्थपट्टीला जोडायची असते. वीतभर लांबीच्या त्या तारेचा कडीतून जाणारा एक फेरा चुकला की शेकडो मीटर केबलचे अर्थ-फॉल्टचे संरक्षण कागदावरच राहते. ही जोडणी नकाशात बहुधा दाखवलेली नसते, कारण नकाशा काढणारा केबल ओढणाऱ्याला भेटलेला नसतो.

ब्रेकरच्या ट्रिप-सर्किटबद्दलही आपण जाणून घ्यावे. कॉन्टॅक्टरचा पुरवठा गेला की तो आपोआप सुटतो. तिथे तार तुटली तर यंत्र थांबते. शंट ट्रिपवर चालणाऱ्या ब्रेकरचे तसे नाही. त्याला उघडण्यासाठी बॅटरीकडून ऊर्जा मिळावी लागते. रिलेने फॉल्ट ओळखला, कॉन्टॅक्ट दिला, आणि वाटेतले एखादे टर्मिनल ढिले असले तर ब्रेकर उघडणार नाही. म्हणून ट्रिप-सर्किटवर पाळत ठेवणारा रिले असतो. ब्रेकर बंद असताना आणि उघडा असताना, अशा दोन्ही अवस्थांत कॉईलपर्यंतची वाट शाबूत आहे का हे त्याने पाहावे अशी त्याची जोडणी करावी लागते. ट्रिपचा पुरवठा क्लोजिंगच्या पुरवठ्यापासून वेगळ्या फ्यूजवर असावा लागतो, नाहीतर क्लोजिंगच्या बाजूला झालेला शॉर्ट ट्रिपची ताकदही घेऊन जातो. शंट कॉईलने नेमलेल्या व्होल्टेजच्या ७० टक्क्यांवरही काम करावे अशी मानकांची अपेक्षा आहे, पण चाचणी नेहमी बॅटरी पूर्ण भरलेली असताना घेतली जाते. लांबवर नेलेली बारीक तार आणि उतरलेली बॅटरी एकत्र आल्यावर काय होते, हे तेव्हा कोणी पाहत नाही.

बॅटरीचे दोन्ही ध्रुव जमिनीपासून अलग ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे एका ठिकाणी तार पत्र्याला लागली तरी काम थांबत नाही, आणि नेमकी तीच अडचण होते. "एक पोल अर्थ" हा अलार्म दिवसेंदिवस तसाच राहतो. दुसऱ्या ठिकाणी तार लागली की दोन्ही बिंदूंमध्ये पत्र्यामधून एक वाट तयार होते, आणि ती कुठे पडली त्यानुसार ब्रेकर विनाकारण उघडतो किंवा गरजेच्या वेळी उघडत नाही. पहिल्या अलार्मलाच ती जागा शोधण्यासाठी वेळ द्यावा, एवढे माझे म्हणणे आहे.

थांबवण्याच्या बटणांविषयी आपणांपैकी बहुतेकांना माहिती असेल, तरी त्यातली एक खोच मांडतो. स्टॉपचा कॉन्टॅक्ट नेहमी बंद प्रकारचा घेतात, कारण तार तुटली तर यंत्र थांबावे. एवढे सगळे पाळतात. पण तो कॉन्टॅक्ट कॉईलच्या कोणत्या बाजूला घालायचा, हे कमी जण पाहतात. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे एक टोक अर्थ केलेले असेल तर कॉईलचे एक टोक थेट त्या अर्थ केलेल्या बाजूला गेले पाहिजे, आणि सगळी बटणे, लिमिट स्विच, रिलेचे कॉन्टॅक्ट कॉईल आणि दुसऱ्या बाजूच्या मध्ये असले पाहिजेत. आयईसी ६०२०४-१ हे यंत्रांच्या विद्युत-साधनांचे मानकही हेच सांगते. स्टॉपचे बटण चुकून अर्थच्या बाजूला आले तर यंत्र चालते आणि थांबतेही. मग एखाद्या दिवशी कॉईल आणि बटण यांच्यामधली तार कंपनाने घासून पत्र्याला लागते. आता कॉईलचा करंट बटण टाळून पत्र्यातून परत जाऊ शकतो, आणि माणूस बटण दाबत राहतो तरी यंत्र थांबत नाही. हीच तार बरोबरच्या बाजूला घासली असती तर फ्यूज उडून यंत्र थांबले असते. वायर तितकीच, बटण तेच, खर्चही तोच. फरक फक्त जागेचा.

याच प्रकारची एक कमी परिचित गोष्ट म्हणजे लांबच्या बटणापर्यंत नेलेली एसी कंट्रोल केबल. केबल पुरेशी लांब असेल तर तिच्या दोन तारांमधली धारिता इतकी होते की बटण उघडल्यानंतरही तेवढ्या करंटवर छोटा कॉन्टॅक्टर धरून राहू शकतो. पॅनेलजवळच्या बटणाने चाचणी केली तर सगळे ठीक दिसते. म्हणून यंत्राच्या पलीकडच्या टोकाला असलेले प्रत्येक आपत्कालीन बटण, चालत जाऊन, एकेक करून दाबले पाहिजे. पिवळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या लाल बटणांपैकी एकावरून "सर्व तपासली" असे लिहिण्याचा मोह मलाही झालेला आहे.

जिथे सेफ्टी रिले असतो तिथे दोन वाहिन्या असतात, आणि एक बिघडली तरी दुसरी यंत्र थांबवते. ही व्यवस्था तेव्हाच खरी, जेव्हा कॉन्टॅक्टरचे मिरर कॉन्टॅक्ट परत रिलेच्या फीडबॅकमध्ये जोडलेले असतात. मुख्य कॉन्टॅक्ट चिकटला तर मिरर कॉन्टॅक्ट बंद होऊच शकत नाही, अशी त्याची यांत्रिक रचना असते, आणि त्यामुळे रिले पुन्हा चालू होण्यास नकार देतो. हा नकार नकोसा वाटला की कोणीतरी फीडबॅकच्या दोन टर्मिनलमध्ये बोटभर लांबीचा जंपर टाकतो आणि यंत्र चालू करतो. तो जंपर पाहिला की मला त्या माणसाचा राग येत नाही. रात्रपाळीला त्याला एकट्याला उत्तर द्यायचे असते. प्रश्न हा आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी तो जंपर कोणत्या वहीत नोंदलेला असतो.

हातकामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आमचे काम आहे आणि त्यासाठी आपल्याला पत्र लिहिण्याचे कारण नाही. बहुपदरी तारेवर योग्य मापाचे लग (टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) योग्य क्रिंपिंग-साधनाने बसले पाहिजे, सोलताना एकही पदर तुटता कामा नये, स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला आवळला पाहिजे, आणि आवळल्यानंतर तार हाताने ओढून पाहिली पाहिजे. टोकाला डाग देऊन म्हणजे सोल्डर लावून ते स्क्रूखाली घालू नये. ते मऊ मिश्रण दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला झालेला असतो. आपल्याकडून यात एकच गोष्ट हवी आहे: टॉर्कचा पेचकस आणि चांगले क्रिंपिंग-साधन ही चैनीची वस्तू समजू नका. आणि एक कबुलीही देतो. आम्हा वायरमनना देखण्या वायरिंगचा फार अभिमान असतो. डक्टमधून बाहेर पडणाऱ्या तारा कंगव्याने विंचरल्यासारख्या दिसल्या की आम्ही खूश होतो आणि आपणही त्याचे फोटो काढता. पण ती ९५ वरची दुसरी तारसुद्धा अगदी सुबक वळवलेली होती.

पॅनेल बंद केले तरी सगळ्या तारा मेलेल्या नसतात, हेही सांगायला हवे. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आलेला पुरवठा, हीटरचा पुरवठा, आतल्या दिव्याचा पुरवठा मुख्य स्विच बंद केल्यावरही जिवंत राहतो. अशा तारांसाठी आयईसी ६०२०४-१ मध्ये नारिंगी रंग सुचवलेला आहे, जसा एसी कंट्रोलला लाल आणि डीसी कंट्रोलला निळा. हिरवा-पिवळा मात्र केवळ संरक्षक अर्थसाठी राखून ठेवलेला असतो. तो दुसऱ्या कामाला वापरणे म्हणजे पुढच्या माणसासाठी सापळा लावणे. ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या साधनाच्या) कपॅसिटरवर साडेपाचशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेले असते आणि ते पुरवठा तोडल्यावर लगेच उतरत नाही. झाकणावर लिहिलेली मिनिटे थांबूनही मीटर लावूनच खात्री करावी लागते. आणि त्या मीटरचीही खात्री करावी लागते, आधी जिवंत ठिकाणी आणि मोजल्यानंतर पुन्हा जिवंत ठिकाणी, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

आता आपल्याकडून काय हवे ते लिहितो. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी वेळेची आहे. प्रकल्पाच्या वेळापत्रकात संरक्षणाच्या चाचणीची ओळ वेगळी असावी आणि केबलच्या कामाला उशीर झाला तर उत्पादनाची तारीख तेवढी सरकावी, चाचणीचे दिवस कमी होऊ नयेत. "समांतर करा" असे आम्हाला सांगितले जाते, पण केबलच्या टोकाला माणूस काम करत असताना त्याच सर्किटला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारे साधन) लावता येत नाही, आणि पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रकाची) कार्डे काढल्याशिवाय तो लावणे म्हणजे कार्डे जाळणे. इन्सुलेशन किमान १ मेगओहम असावे हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. तो आकडा खरोखर मोजायला लागणारा अर्धा दिवस कोणी धरलेला नसतो.

दुसरी मागणी अशी, की ज्याने तारा जोडल्या त्यानेच त्या तपासू नयेत. माझ्या त्या पत्रकावर जोडणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन्ही ठिकाणी माझीच सही होती. स्वतः घातलेल्या तारेकडे पाहताना माणूस तार पाहत नाही, आपला हेतू पाहतो.

तिसरी मागणी जंपरच्या वहीची. कोणताही तात्पुरता जंपर, बायपास केलेला इंटरलॉक किंवा वाढवलेले सेटिंग तारीख, कारण, टाकणाऱ्याचे नाव आणि काढण्याची मुदत यांसह एका वहीत लिहिले जावे, आणि ती वही आठवड्यातून एकदा आपण स्वतः उघडावी. त्या वहीतल्या नोंदीसाठी कोणाला जाब विचारला जाणार नाही, न नोंदलेल्या जंपरसाठी मात्र विचारला जाईल, हे आपल्याच तोंडून एकदा सगळ्यांना सांगावे. आमच्यासारख्यांनी सांगितले तर त्याला वजन नसते. नकाशांचेही तेच. पॅनेलच्या दारामागच्या कप्प्यात ठेवलेला नकाशा आणि आतली वायरिंग जुळत नसेल, तर लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या मूळ नकाशात उतरेपर्यंत बिल अडवावे. माझे स्वतःचे बिल असले तरी.

आणि शेवटची विनंती. पुढच्या नियोजित बंदच्या दिवशी कोणताही एक फीडर निवडावा, मोटर महत्त्वाची नसली तरी चालेल. पॉवर तोडलेली आणि कुलूपबंद असावी, केवळ कंट्रोलचा पुरवठा द्यावा, कॉन्टॅक्टर ओढवावा आणि आपल्या तंत्रज्ञाला ओव्हरलोडचे टेस्टचे बटण दाबायला सांगावे. दारावरच्या दिव्याकडे पाहू नये. कॉन्टॅक्टर सुटल्याचा खट्ट असा आवाज आपण स्वतः ऐकेपर्यंत त्या फीडरच्या पत्रकावर सही करू नये.

कळावे,
आपला,
एक पॅनेल-वायरमन आणि कमिशनिंग तंत्रज्ञ